खिडकी चार

शनिवारी जायचं ठरलं.
रविवारी बंद, आणि गाइडची फेरी एकच, भर बाराची.
फोनवरच्या मुलीला मी तीनदा विचारलं, लिफ्ट आहे का.
मनोऱ्याला नाही, म्हणाली.
बसायला काही?
बाई, नगरभवन आहे ते. बाकडी असणारच की.

औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून काढलं:
बाबांची काठी. पाणी. साखरेच्या गोळ्या.
पालिचहून अकराची बस,
सुबोतित्सात उतरून निळ्या कारंज्यापाशी दम खायचा,
कड रुंद आहे त्याची.
मग मोठं सभागृह, रंगीत काचा,
जमलंच तर मनोरा. वरून म्हणे
मैदान दिसतं थेट हंगेरीपर्यंत,
मध्ये कुठेही रेघ नसलेलं.

बाबा, म्हणजे लोरिन्त्स, एकोणनव्वद पूर्ण.
दाढी स्वतः करतात, डावा गाल नेहमी अर्धा राहतो.
चिठ्ठी त्यांनी भिंगातून वाचली, वरपासून खालपर्यंत,
आणि विचारलं,
यात चार नंबरची खिडकी कुठाय?

मला वाटलं, रंगीत काचेची एखादी.
काचेची नाही गं. कारकुनाची.
तळमजला, उजवा बोळ, हिरवट भिंत,
खांद्याच्या उंचीवर माणसांनी घासून काळी केलेली.
अकरा खेपा घातल्या मी तिथे.

ट्रामचा गणवेश अंगावर,
दोन पाळ्यांच्या मधल्या तासात.
साहेब जेवायला गेलेत. साहेब बैठकीत. उद्या या.
उद्या गेलो तर, अर्जाला तिकीट लावा.
तिकीट लावलं तर, हे कमी किमतीचं.
एकदा खिडकी उघडी, आत माणूसही,
पण शाई संपलेली.
एकदा तो हसून म्हणाला,
जिथे शहराचीच दोन नावं, तिथे
तुमच्या पोरीचं काय घेऊन बसलात?

आणि वर नाही पाहिलंत कधी?
छतावरची फुलं, ती नक्षी?
रांगेतला माणूस पुढच्याची मान बघतो, बाबा म्हणाले.
पुढे एक बाई असायची, मानेवर चामखीळ,
जमिनीची तक्रार होती तिची.
अजून ओळखेन.

घरात मी शारोल्ता. कागदावर शार्लोटा.
आजीचं नाव, एका मात्रेनं घसरलेलं.
शाळेत शार्लोटा, पगारपत्रकात शार्लोटा,
लग्नात आणि घटस्फोटातही तीच.
सवय झाली,
चावऱ्या बुटाची होते तशी.

मग बाराव्यांदा का नाही गेलात?
हे मी आजवर विचारलं नव्हतं.

बाबांनी भिंग पुसलं. पुसतच राहिले.
गेलो होतो.
ती खेप मी मोजत नाही.
खिडकीत नवा पोरगा, चांगला होता,
म्हणाला, काका, आत्ता करून देतो,
फक्त नाव नीट लिहून द्या.
पेन हातात दिलं.
आणि मलाच कळेना,
आई ते कसं लिहायची.
तिला तर लिहिताच येत नव्हतं.
हाक मारली की ओ द्यायची, एवढंच ते नाव.
म्हटलं, घरी विचारून येतो.
घरी येऊन कुणाला विचारणार?

संध्याकाळी मुलीचा फोन:
शनिवारसाठी दोघांची नावं सांगा.
बाबांचं सांगितलं. मग माझं,
आणि ती म्हणाली, कसं लिहू?
टेबलापलीकडे बाबांनी वाटाणे सोलायचे थांबवले.
तिला म्हणावं,
जसं ऐकू येतं तसं लिही.

मुलीनं काय लिहिलं देव जाणे.
मी चिठ्ठीवरचा मनोरा खोडला.
त्याजागी लिहिलं: खिडकी चार, असेल तर.
आणि अगदी खाली, गोळ्यांच्या नंतर:
पेन. उमटतं का बघून घेणे.